पायाखालचा ठेका

विट्यात अजूनही अशी ठाम समजूत आहे, की बेंजोचं पेडल अपडेट केलं की त्याचा आवाज बसतो. मी पंधरा वर्षं पेडलं दुरुस्त करते, रोज चार-दोन अपडेट करते, आणि आजवर एकाही पेडलचा आवाज माझ्या हातून बसलेला नाही. पण सांगायचं कुणाला? बेंजोवाल्यांचं गणित पक्कं असतं. लग्नसराईत अपडेट नको, कारण वराती असतात. मग गणपती येतात, मग नवरात्र. खंडेनवमीला वाद्यांची पूजा होते, त्या दिवशी वाद्याला हातसुद्धा लावायचा नसतो. तोवर तुळशीचं लग्न लागतं आणि पुन्हा वराती सुरू. थोडक्यात, अख्ख्या पंचांगात अपडेटला मुहूर्तच नाही.

या पंथाचे महंत म्हणजे हिंदुराव सुतार. नवतरुण बेंजो पार्टीचे मालक आणि मुख्य वादक. नवतरुणमधला सगळ्यात तरुण माणूस अठ्ठेचाळीस वर्षांचा आहे, पण चालू नावाला हात कोण लावणार! आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. अण्णांनी सात वर्षांपूर्वी माझ्याच दुकानातून ‘मैना’ नावाचं पेडल नेलं आणि घरी जाऊन पहिलं काम काय केलं, तर त्याच्या नेटच्या भोकावर काळी टेप चिकटवली. वरून हळदीकुंकू वाहिलं. ती टेप सात वर्षं तशीच होती.

त्या मंगळवारी सकाळी ते पेडल पोटाशी धरून दुकानात आले, तेव्हा त्यांचा चेहरा मुलीला सासरी धाडणाऱ्या बापासारखा झाला होता.

“कर बाई नीला, काय करायचं ते. पर माझी नागीण जागची हलता कामा नये.”

“अण्णा, तुमची नागीण सुखरूप राहील. आधी सगळ्याचा बॅकअप घेते.”

“त्यो किती बी घे. नागीण सांभाळ.”

नागीण म्हणजे त्यांचा सात नंबरचा पॅच. ज्यांचा वरातीशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडचा बेंजो म्हणजे लाकडी पेटीवर ताणलेल्या तारा आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटण दाबायचं, उजव्या हातातल्या नखीनं तार छेडायची. तो आवाज वायरीतून पायाशी ठेवलेल्या पेडलमध्ये जातो आणि बाहेर पडताना सनई होतो, बासरी होतो, नाहीतर पुंगी होतो. कुठला आवाज किती घोळवायचा, किती धारदार करायचा, हे ठरवून जपून ठेवलं की त्याला पॅच म्हणायचं. अण्णांचे बेचाळीस पॅच होते आणि सगळ्यांची नावं त्यांनीच ठेवलेली. हळद जोरात. मामा आला. नवरी रडते. नवरी रडते पण खरं नाही.

आवाजाचा कायदा कडक झाला आणि डीजेच्या भिंती भंगारात गेल्या, तेव्हापासून बेंजोला पुन्हा बरे दिवस आले होते. पण येत्या एक तारखेपासून वरातीच्या परवानगीला नव्या आवृत्तीचं पेडल लागणार होतं, कारण आवाज किती वाढू द्यायचा हे नवी आवृत्ती स्वतःच बघते. पोलीस ठाण्यात टेप आणि हळदीकुंकू चालत नाही. म्हणून अण्णांची स्वारी माझ्या दुकानात.

मी टेप काढली, पॅच उतरवून घेतले, आणि नेहमीप्रमाणे पेडलची वही उघडली. वही म्हणजे पेडल स्वतःच ठेवतं ती नोंद. कधी वाजलं, किती तापलं, कुठला पॅच किती चालला. एरवी मी ती वरवर बघते. त्या दिवशी तिच्यातल्या एका रेषेवर माझे डोळे अडकले.

ही रेष समजायला मैनेचं कौतुक थोडं सांगावंच लागेल. मला ते सांगायला आवडतंही. तारेचा आवाज पेडलमध्ये शिरला की त्याचे आधी आकडे होतात, आकड्यांवर गणित होतं, आणि मग पुन्हा आवाज होतो. याला वेळ लागतो. सेकंदाचे हजार तुकडे केले तर त्यातले दहा-बारा. ऐकणाऱ्याला हे कळतही नाही, पण वाजवणाऱ्याच्या हाताला कळतं. फोनवर आपलाच आवाज मागून ऐकू आला की बोलताना जीभ अडखळते, तसा हात अडखळतो. पॅच जितका भारी तितका उशीर जास्त. हा उशीर कसा काढायचा, यावर मैना बनवणाऱ्यांनी डोकं लढवलं. बेंजोचं बटण आधी दाबलं जातं आणि तार नंतर छेडली जाते. मध्ये जेमतेम पापणी लवण्याएवढा अवकाश. मैना बटणाची बारीक टकटक ऐकते आणि ओळखते, की आता अमुक सूर येणार. कधी येणार, ते ती या माणसाच्या हाताच्या सवयीवरून ताडते आणि गणित आधीच मांडून ठेवते. तार वाजली की आवाज तयार असतो. जितकी वर्षं एकाच हाताखाली राहील तितकी ती त्या हाताला जास्त ओळखते. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा दुकानात एकटीच टाळ्या वाजवल्या होत्या.

आता समजा, तार थोडी उशिरा छेडली गेली, तर? तर मैना तिच्या अंदाजानं सूर काढून मोकळी होते आणि मागून येणारा खरा सूर त्यात मिसळून टाकते. ऐकणाऱ्याला सगळं वेळेवर वाजल्यासारखं वाटतं. वाजवणाऱ्यालाही तसंच वाटतं, कारण अपेक्षेच्या क्षणी सूर ऐकू आला की आपला मेंदू तो आपणच काढला असं धरून चालतो. या मदतीला कंपनी असिस्ट म्हणते, मी सांभाळ म्हणते. पुढच्या आवृत्त्यांमध्ये कंपनीनं सांभाळाला दहा टक्क्यांची, म्हणजे शंभरातल्या दहा सुरांची, मर्यादा घातली. टेपेमुळे अण्णांच्या पेडलपर्यंत ती मर्यादा पोचलीच नव्हती.

पहिली पाच वर्षं अण्णांचा सांभाळ तीन-चार टक्के होता. कसलेल्या वादकाचा तेवढाच असतो. मग तो चढायला लागला होता. नऊ. सोळा. बावीस. गेल्या महिन्यात एकतीस.

“काय गं, गप का झालीस?” अण्णा म्हणाले. “नागीण गेली का काय?”

“अण्णा, एक गंमत करा. बेंजो जोडते, जरा वाजवून दाखवा.”

मी सांभाळ शून्यावर आणला आणि त्यांना सांगितलं नाही. हे माझं चुकलं, असं मला आजही वाटतं. त्यांनी ‘मामा आला’ लावला आणि सुरुवात केली. डावा हात नेहमीसारखा बटणांवर पळाला. उजवा मागं राहिला. पहिल्या ओळीत थोडा, दुसऱ्या ओळीत जास्त. तिसऱ्या ओळीत नखी तारेजवळ जाऊन नुसती उभी राहिली. अण्णा आपल्या हाताकडे बघत राहिले.

“बिघडवलास आवाज,” ते म्हणाले. पण त्यांच्या आवाजात खात्री नव्हती.

मी वही त्यांच्यासमोर धरली आणि सगळं सांगितलं. सुतार माणूस, रेषा वाचायची सवय असलेला. त्यांनी चढत गेलेल्या रेषेवरून सावकाश बोट फिरवलं.

“म्हंजे दोन वर्सं वाजवतंय कोण, नीला? मी, का हे?”

मी वही मिटली.

पुढच्या सोमवारी अण्णांच्या पत्नी शालनवहिनी त्यांना मिरजेला डॉक्टरकडे घेऊन गेल्या, मीही बरोबर गेले. डॉक्टरीणबाईंनी अण्णांना बोटं उघडझाप करायला लावली, चालायला लावलं, कागदावर नाव लिहायला लावलं. अक्षर ओळीच्या शेवटी मुंगीएवढं झालं होतं.

“बटणं लावायला त्रास होतो का?” त्यांनी वहिनींना विचारलं.

“ह्यांनी दीड वर्सापासनं शर्ट सोडून टी-शर्ट धरल्यात,” वहिनी म्हणाल्या. “मला वाटलं, पार्टीच्या नावाला जागले.”

कंपवात होता, सुरुवातीचा. कंप अजून दिसत नव्हता, नुसता संथपणा होता. डॉक्टरीणबाईंनी नीट समजावलं. हातात ताकद आहे, बोटांना वळण आहे, फक्त ‘चल, सुरू कर’ हा मेंदूचा निरोप उशिरा निघतो. गोळ्या सुरू करू, पुष्कळ फरक पडेल, पण सगळा नाही. मग जाता जाता त्या म्हणाल्या, की अशा माणसांना बाहेरून ताल मिळाला तर निरोप वेगळ्या वाटेनं जातो. घरात पाऊल अडणारे लोक कुणी टाळ्या धरल्या की झपझप चालतात.

विट्यात उतरल्यावर अण्णांनी घरून बेंजो आणला आणि माझ्या दुकानात भिंतीला टेकवून ठेवला.

“माझ्या नावावर दुसऱ्यानं वाजीवलेलं लोकांनी दोन वर्सं ऐकलं. लोकं शाबास म्हणाली, म्या बी मान हलवली. आता बास,” ते म्हणाले आणि गेले.

मला त्यांचा राग आला आणि रडूही आलं. गोळ्या घेऊन, दहा टक्के सांभाळ ठेवून ते आणखी वर्षानुवर्षं सहज वाजवू शकले असते. कुणाला पत्ता लागला नसता. पण पत्ता न लागणं हेच त्यांना नको होतं. एवढा ताठ कणा मी माझ्या धंद्यात दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी इलाहीचाचा आले. इलाही मुलाणी नवतरुणमध्ये ताशा वाजवतात आणि गेली एकतीस वर्षं अण्णांच्या समोर उभे राहून वाजवतात. ट्रॉलीच्या कडेला बेंजो, खाली त्याच्याकडे तोंड करून ताशा, अशी आमच्याकडची रीत. चाचा स्वभावानं गरीब, पण त्या दिवशी तापले होते.

“हिंदुराव म्हनतोय, पार्टी तू चालीव आन् बेंजोला दुसरा गडी बघ. बारा तारखेला लेंगऱ्याची वरात हाय. काय सांगितलंस तू त्याला?”

मी त्यांनाही वही दाखवली. दाखवता दाखवता मलाच आधी न दिसलेली दुसरी रेष दिसली. मैनेला बाहेरचा आवाज ऐकणारा एक छोटा माइक असतो, म्हणून वहीत ताशाची लयही नोंदलेली होती. सात वर्षांपूर्वी ‘हळद जोरात’ मिनिटाला एकशे चोवीस ठोक्यांनी वाजत होतं. आता एकशे बारा. गाणं तेच, वाजवणारे तेच, आणि लय पायरीपायरीनं उतरलेली. गंमत म्हणजे ती उतरायला सुरुवात झाली ती मैनेचा सांभाळ चढण्याच्या तब्बल आठ महिने आधी.

मध्येच तीन आठवडे लय पुन्हा एकशे चोवीसवर गेली होती आणि तेव्हा सांभाळ एकदम अठ्ठेचाळीसवर उसळला होता.

“चाचा, मागच्या फेब्रुवारीत तुम्ही कुठं होता?”

“लेकीच्या बाळंतपनाला, पुन्याला. तवा ताशाला आटपाडीचा गडी घेतला हुता. का?”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. सेकंदाच्या हजाराव्या तुकड्यात विचार करणारं यंत्र, कोइम्बतूरच्या पन्नास इंजिनियरांनी घडवलेलं, आणि त्याच्या आठ महिने आधी ही गोष्ट या माणसाच्या दोन काड्यांना कळली होती.

“तुम्हाला माहीत होतं,” मी म्हणाले.

“आता म्हाईत म्हंजे काय... डागदरी नाव ठावं नव्हतं. हात जड पडतोय एवढं दिसत हुतं. मग म्या जरा दमानं घेतलं.”

“आणि मला कदी बोलला न्हाईस!”

दारात अण्णा उभे होते. बेंजोला कापडी पिशवी घालायची राहिली म्हणून आले होते, असं त्यांनी नंतर सांगितलं. माझा त्यावर विश्वास नाही.

“पेडलनं दया केली ती केली,” अण्णा म्हणाले. “ते बोलून चालून यंत्र. तू बी माझ्यावर दया करत हुतास व्हय रं?”

चाचा उठून उभे राहिले. “दया? हिंदुराव, ताशा कशापायी असतो? बेंजो जितं हाय तितं ताशानं जायाचं. तू पळालास तवा मी तुज्यासंगं पळालो, त्याला कवा दया म्हनला न्हाईस. आन् हळू झालास तर लगीच दया?”

अण्णा माझ्या बाकावर बसले आणि त्यांनी भिंतीजवळच्या बेंजोवर हात ठेवला. चाचाही शेजारी बसले. दोन म्हातारे आणि मध्ये एक लाकडी पेटी. मी चहा सांगितला.

मला झोप येत नाही असं म्हणायची माझी पद्धत नाही, मला पडल्या पडल्या झोप येते. पण पुढचे दोन दिवस डॉक्टरीणबाईंचं वाक्य डोक्यातून जाईना. बाहेरून ताल मिळाला तर निरोप वेगळ्या वाटेनं जातो. म्हणजे गेली दोन वर्षं अण्णांचा हात चालत होता तो मैनेमुळे कमी आणि चाचांमुळे जास्त. चाचा पुण्याला गेले तेव्हा हात ढेपाळला होता, हे वहीत स्पष्ट लिहिलेलं होतं.

अपडेट मी करून ठेवलंच होतं, आणि नव्या आवृत्तीत एक सोय आहे. मैनेला पायानं दाबायची एक पट्टी असते, आवाज मोठा-बारीक करायला. ती पट्टी आता पायाला हलका धक्का देऊ शकते, म्हणजे गोंगाटात वादकाला पॅच बदलल्याचं कळतं. मी विचार केला, हा धक्का तालावर दिला तर? पण घड्याळाची टिकटिक कामाची नव्हती. वरात घड्याळावर चालत नाही. नाचणारे रंगले की लय चढते, मामाला उचलून घेतला की थांबते. ती लय चाचांच्या मनगटात असते. शिवाय धक्का ताशाच्या ठोक्याबरोबर येऊन उपयोग नाही, तो आधी यायला हवा, अण्णांच्या हाताला निघायला वेळ मिळेल एवढा. म्हणजे चाचांचा पुढचा ठोका कधी पडणार हे आधीच ताडायला हवं. आणि ताडणं हेच तर मैनेचं काम! फक्त इतकी वर्षं ती अण्णांचा हात शिकत होती, आता तिला चाचांचा शिकवायचा.

मी दोघांना बोलावलं आणि सांगितलं.

“सांभाळ?” अण्णांचा पहिला प्रश्न.

“दहा टक्के ठेवू. तेवढा सगळेच ठेवतात.”

“शून्य.”

“अण्णा, निदान पाच.”

“शून्य ठेव नीला. पाय हालवायला सांगू दे तिला. वाजवायचं मी बघतो.”

चाचांनी तीन दुपारी माझ्या दुकानात एकट्यानं ताशा वाजवला आणि मैना ऐकत राहिली. शेजारचा चपलांचा दुकानदार तिसऱ्या दिवशी कुलूप लावून गावी गेला. चौथ्या दिवशी आम्ही दोघांना एकत्र वाजवायला उभं केलं. अण्णांनी अनवाणी पाय पट्टीवर ठेवला, डोळे मिटले, आणि सुरुवात झाली. पहिलं मिनिट असं सुरेख गेलं, की मी टाळ्या वाजवायच्या बेतात होते. धक्का आला की नखी निघत होती. अण्णांच्या चेहऱ्यावर हसू फुटलं.

मग लय उतरायला लागली. एकशे वीस, एकशे दहा, शंभर. चौथ्या मिनिटाला ऐंशी. ‘हळद जोरात’ ऐकताना कुणीतरी गेल्यासारखं वाटायला लागलं.

कारण सोपं होतं. अण्णांचा हात जरा मागं पडला की चाचा सवयीनं थांबत होते. चाचा थांबले की मैना धक्का उशिरा देत होती, आणि त्यामुळे अण्णा आणखी उशिरा येत होते. दारात उभे राहून ‘आधी तुम्ही’ ‘नाही, आधी तुम्ही’ करणारे दोन पाहुणे कधीच घरात शिरत नाहीत, तसं चाललं होतं.

“चाचा, तुम्ही थांबायचं नाही,” मी म्हणाले. “अण्णा चुकले, अडले, काही झालं तरी तुमची लय सोडायची नाही.”

“मी कुटं थांबतोय?”

मी वही दाखवली. त्यांनी मान हलवली, पुन्हा वाजवलं, आणि पुन्हा थांबले. सहा वेळा हेच झालं. सातव्या वेळी त्यांनी काड्या खाली ठेवल्या.

“मला न्हाई जमायचं, पोरी. एकतीस वर्सं मी ह्याच्या हाताकडं बगून वाजीवतोय. ह्यो अडला की माझा हात आपसूक अडतोय. त्यो काय माझं ऐकतोय?”

मग अण्णाच म्हणाले, “माझ्याकडं पाठ कर.”

“काय?”

“माझ्याकडं बगू नगंस. पाठ करून हुबा ऱ्हा.”

नवतरुणमध्ये असं कधी झालं नव्हतं. कुठल्याच पार्टीत झालं नसेल. ताशावाल्यानं बेंजोकडे पाठ करणं म्हणजे भांडण झाल्याची खूण. चाचांना ते फार लागलं, त्यांचा चेहराच सांगत होता. पण ते वळले, रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले आणि त्यांनी ताशा धरला.

बारा तारखेला सकाळी दहा वाजता लेंगऱ्याच्या वेशीवर वरात उभी राहिली. मीही गेले, हातात टॅब्लेट घेऊन. मैनेचा सगळा कारभार त्यावर दिसत होता. सांभाळ शून्य, पॅच पहिला, पट्टी चालू. गावात कुजबुज सुरू झाली होतीच. हिंदुराव आणि मुलाण्याचं फाटलं वाटतं, पाठ करून उभा आहे बघ.

पहिली दोन गाणी झकास झाली. गोळ्यांनी हात जरा सुटला होता, लय एकशे अठरावर होती, आणि नवऱ्याच्या मित्रांनी रस्त्यात फेर धरला होता. आवाज पूर्वीइतका गुळगुळीत नव्हता. एखादा सूर उशिरा, एखादा खरबरीत. मला तो जास्त आवडला, हे कबूल करते. सात वर्षांनी मी अण्णांचा हात ऐकत होते.

तिसरं गाणं नागीण. रुमालाची पुंगी करून दोघे रस्त्यावर लोळायच्या बेतात, मंडळींनी गोल केलेला, सगळे त्या एका ओळीची वाट बघणारे. अण्णांनी डावा हात बटणावर ठेवला आणि उजवा अडला.

नखी तारेपासून बोटभर अंतरावर, आणि हलेना. एक ठोका रिकामा गेला. दुसरा गेला. अण्णांचं कपाळ घामानं भिजलं. रुमालवाला वर बघायला लागला.

माझा अंगठा टॅब्लेटवर होता. सांभाळ दहा टक्क्यांवर न्यायला एक स्पर्श पुरला असता. मैनेनं सूर काढला असता, नागीण डोलली असती, आणि अण्णांना कधीच कळलं नसतं. मी चाचांकडे बघितलं. बेंजो गप्प झाल्याचं त्यांना ऐकू आलंच होतं. त्यांची मान ताठरली, खांदे वर चढले, आणि मला वाटलं आता हे वळणार. ते वळले नाहीत. काड्या त्याच लयीत पडत राहिल्या. एकशे अठरा, एकशे अठरा, टॅब्लेटवर आकडा जरासुद्धा हलला नाही. मी अंगठा उचलला.

तिसरा ठोका. चौथा. पट्टीवरच्या अण्णांच्या पायाची बोटं आवळली गेली, आणि पाचव्या ठोक्याला नखी तारेवर पडली. बरोबर समेवर. नागीण अशी काही उठली, की लोकांना वाटलं मधली शांतता मुद्दामच ठेवली होती. रुमालवाल्यानं अंग झोकून दिलं. माझ्या डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायला लागलं आणि मी ते पुसलंही नाही.

वरात मारुतीच्या देवळापाशी थांबली, तेव्हा मांडवातून मठ्ठा आला. अण्णा ट्रॉलीच्या कडेला बसले. चाचा खाली, चाकाला टेकून. मी दोघांना ग्लास दिले.

“एकदा बी वळला न्हाईस,” अण्णा म्हणाले.

चाचांनी ग्लास तोंडाला लावला नाही. “एकतीस वर्सांत एवढं अवघड कायच वाजीवलं न्हाई, गड्या. हात सारका म्हनत हुता, थांब, जरा थांब त्याच्यासाटी.”

“थांबला असतास तर मी तितंच ऱ्हायलो असतो.”

चाचांनी मान डोलावली आणि उपरण्यानं डोळे पुसले. मांडवातून हाक आली, की मुलीकडची माणसं आली आहेत, वाजवा. अण्णांनी चप्पल काढून पाय पट्टीवर ठेवला आणि नखी उचलली.

तयार आहेस का, असं चाचांनी विचारलं नाही. त्यांनी अण्णांकडे पाठ केली आणि ताशा सुरू केला.